मेनिकाचा चेहरा

सेल्ला, ९ मार्च १४६४

ताद्देआताई,

दोन वर्षांत माझं पत्र नाही म्हणून तू रागावली असशील, आणि तो राग रास्त आहे. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. फ्लॉरेन्समधलं माझं दुकान चालू आहे, म्हणजे दार उघडं असतं एवढंच. गिऱ्हाईक आत येतं, भिंतीला टेकवलेल्या, सोनेरी वर्खावर रंगवलेल्या चित्रांच्या फळ्या बघतं, अदबीने मान हलवतं आणि पुढच्या गल्लीत जातं. तिथे तिशीतली पोरं आहेत. एक खिळा आणि एक दोरी घेऊन ती सपाट फळीत अख्खा रस्ता खोलवर नेऊन दाखवतात. मीही ते शिकलो, पन्नाशी उलटल्यावर. पण म्हातारपणी शिकलेली भाषा माणूस बोलतो तसं माझं ते रंगवणं. चुकत नाही, पण अडखळतं.

सध्या मी आपल्या गावी, सेल्लाला आहे. चर्चला नवे पाद्री आलेत, इलारिओने नावाचे. पस्तिशीचे, पादुआला शिकलेले, ग्रीक वाचतात. खोलीत पलंगापेक्षा पुस्तकांना जागा जास्त. माणूस वाईट नाही. मला खुर्ची देतात आणि स्वतः उभे राहतात. त्यांना मुख्य वेदीवरचं चित्र नव्या पद्धतीचं करून हवं आहे. हो, तेच. उस्तादांचं. तू मठात गेलीस त्या वर्षी तुझ्या बाबांनी रंगवलेली मेरी.

मी म्हटलं, "त्यात बिघडलंय काय? लाकूड शाबूत आहे, सोन्याचा वर्ख कुठे सुटलेला नाही."

"बिघडलं काहीच नाही," ते म्हणाले. "पण मला सांगा, हे मूल तिच्या मांडीवर बसलंय, त्याचं वजन तिला जाणवतंय का?"

पंचेचाळीस वर्षं ती फळी पाहतोय, हा प्रश्न कधी मनात आला नव्हता.

"देव माणसाच्या जन्माला आला असं आपण सांगतो," ते म्हणाले. "मग तो माणसासारखा दिसला तर बिघडलं कुठे? माणूस काय इतकी लाजिरवाणी गोष्ट आहे?"

शिकलेले लोक आता सगळे असंच बोलतात. ऐकताना पटतं. घरी परतताना दमल्यासारखं होतं.

मी अजून हो म्हटलेलं नाही. तू काय म्हणतेस ते कळव. मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्या कुणाला बोलावतील, आणि तो ती फळी चुलीत घालेल. हाही विचार कर.

तुझा
नोफ्री


सांत अगाता मठ, पिस्तोइआ, २ एप्रिल

नोफ्री,

तू हो म्हटलं नाहीस हे वाचून जिवाला बरं वाटलं. नऊ वर्षांचा पोरका पोर म्हणून बाबांनी तुला दुकानात घेतलं तेव्हा ते म्हणाले होते, याचा हात मंद आहे पण मन पक्कं आहे. मन पक्कं ठेव.

मला काय म्हणायचं ते सांगण्याआधी माझ्या घरची गोष्ट ऐक. आमच्या मठाच्या थोरल्या बाईंनी परवा एक पान माझ्या मेजावर ठेवलं. फ्लॉरेन्सच्या एका पुस्तकविक्याने नमुना म्हणून धाडलेलं. अक्षरं गोल, सुटी सुटी, मध्ये हवा खेळेल इतकी जागा.

"आता गिऱ्हाइकांना असं हवंय," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "हे नवं अक्षर कुणी काढलं?"

"नवं नाही, ताद्देआ. हे जुनं, रोमन लोकांच्या वेळचं म्हणतात. आपण लिहितो ते मधल्या काळातलं. बिघडलेलं."

मी पंचेचाळीस वर्षं इथे पोथ्या उतरवत ते टोकदार अक्षर लिहिलं. त्यापायी खांदा वाकडा झाला. आणि एका सकाळी न्याहारीनंतर कळलं की ते बिघडलेलं होतं. मधला काळ म्हणे. आपण जन्मलो तो कुणाच्या तरी मधला आहे, हे जन्मताना कुणी सांगितलं नव्हतं.

चौसष्टाव्या वर्षी मी पुन्हा अ गिरवते आहे. शेजारी अठरा वर्षांची प्रिमावेरा बसते. तिला ते दोन दिवसांत आलं. ती मला चिडवत नाही, हे जास्त लागतं.

आता तुझं. त्या चित्रातला निळा मी खलला होता. महिनाभर माझी नखं निळी होती. मठात शिरताना तेव्हाच्या थोरल्या बाईंनी विचारलं, हा काय रोग आहे? बाबांच्या हातचं आता जगात तेवढं एकच मोठं काम उरलं आहे. तुझ्या पाद्रीबुवांना आकाश हवं असेल तर आकाश दे. डोंगर दे, नदी दे, हवी तर बदकं सोड तिच्यात. चेहऱ्याला हात लावू नकोस.

ताद्देआ


सेल्ला, २५ मे

ताई,

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. ते लिहिलं त्याच्या आठ दिवस आधीच मी सोनं खरवडलं होतं. मी तुझा सल्ला विचारत नव्हतो, तुझी माफी मागत होतो, आणि तीही धड नाही.

वर्ख सुटताना वाळक्या पानावर पाय पडावा तसा आवाज होतो. खाली उस्तादांनी लावलेली तांबडी माती लागली. कोपऱ्यात त्या मातीत एक अंगठा उमटलेला होता, त्यांचाच असणार. ओली असताना फळी उचलली असेल. मी तिथे बराच वेळ हात थांबवून बसलो. मग त्याच्यावर आकाश रंगवलं. तू काय म्हणायचं ते म्हण, आकाश चांगलं उतरलं आहे. आयुष्यात प्रथमच मी रंगवलेल्या हवेत श्वास घेता येईल असं वाटतं.

चेहरा मी राखला होता. महिनाभर राखला. मागे एल्सा नदी, टेकडीवर दुपारचं ऊन, आणि पुढे उस्तादांची मेरी. लांब नाक, बदामी डोळे, आणि त्या उन्हाचा एक कवडसाही गालावर नाही. सोन्यात ती राणी होती. उघड्यावर आणली तर वाट चुकलेल्या बाईसारखी दिसायला लागली. पाद्रीबुवा एक शब्द बोलले नाहीत. चेहरा खरवडून टाकायचा हे मी ठरवलं. ते त्यांच्या माथी मारू नकोस.

नवा चेहरा कुठून आणायचा याच विचारात नदीवर गेलो. तिथे बायका पूर्वी लोकर धुवायच्या तशा अजून धुतात. त्यांच्यात एक मेनिका म्हणून, रंगारी बाल्दोची बायको, सत्ताविशीची असेल. कडेवर नऊ-दहा महिन्यांची मुलगी. मी तिला विचारलं, "तुझा चेहरा काढू का?"

"कशाला?"

"मेरीसाठी. चर्चमध्ये."

ती हसली. "म्हातारबा, ऊन लागलंय तुम्हाला. सावलीत बसा जरा."

"खरंच सांगतोय."

"माझं नाक बघितलंत? आणि हे पुढचे दात?"

"तोंड मिटलेलं असेल."

"मग नवरा ओळखायचाच नाही. त्याने मला तोंड मिटलेलं कधी बघितलंय?"

बाकीच्या बायका इतक्या हसल्या की एकीची लोकर वाहून गेली. पण दुसऱ्या दिवशी ती आली. नऊ दिवस बसली. मुलगी जड, दर थोड्या वेळाने तिला या हातावरून त्या हातावर घ्यायची, आणि घेताना खांदा किंचित खाली यायचा. मी तो खांदा तसाच काढला. वजनाचा प्रश्न तिथे सुटला.

उठताना एकदा तिने विचारलं, "लोक माझ्याकडे बघून प्रार्थना करणार?"

मी म्हटलं, "तुझ्याकडे नाही, मेरीकडे."

"बरं," ती म्हणाली. मला वाटलं, तिला पटलं.

तुझा
नोफ्री


सांत अगाता मठ, २४ जून

नोफ्री,

तू मागितलेली माफी माझ्याजवळ सापडत नाही. सापडली तर धाडीन.

अंगठ्याचं मला लिहायला नको होतंस.

गोल अक्षर मला आता जमतं, पण सावकाश. सध्या एका जुन्या रोमन गृहस्थाची पत्रं उतरवते आहे. देवाधर्माचं एक अक्षर त्यात नाही. गुडघे दुखतात, बागेतल्या अंजिरांना कीड लागली, मित्र वेळेवर उत्तर धाडत नाही, एवढंच. मी थोरल्या बाईंना म्हटलं, हे कशाला हवं लोकांना? त्या म्हणाल्या, लोकांना तेच हवंय. आणि खरं सांगायचं तर, उतरवता उतरवता मीही तो मित्र उत्तर का धाडत नाही या काळजीत पडले. पंधराशे वर्षांपूर्वी मेलेली माणसं दोघं.

एक गोष्ट मात्र तुझ्या ध्यानात आली नाही असं दिसतं. बाबांची मेरी कुणासारखी दिसत नव्हती, म्हणून तिला कुणीही काहीही सांगू शकत होतं. सेल्लामध्ये कोण कुणाला ओळखत नाही? त्या मुलीच्या नवऱ्याला विचारलंस का? तिच्या सासूला? तुम्ही दोघं विद्वान मिळून तिला कुठे चढवून ठेवताय याचा विचार कर. चढवणारे खाली उभे असतात.

ताद्देआ


फ्लॉरेन्स, १९ सप्टेंबर

ताई,

मी परत आलो आहे. मेरीच्या जन्मदिवशी, आठ तारखेला, चित्रावरचं कापड काढलं.

पाद्रीबुवा फार सुंदर बोलले. माणसाच्या देहात देवाने घर केलं, म्हणून माणसाचा चेहरा ही सगळ्यात पवित्र जागा आहे, असं काहीसं. मग कापड खाली आलं आणि सगळे माना उंचावून बघायला लागले. मला वाटलं, भारावलेत. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, ही तर आपली मेनिका." आणि हशा पिकला.

ती तिथेच उभी होती, बाल्दोच्या शेजारी, धुतलेला झगा घालून. हसणाऱ्यांबरोबर तीही हसली थोडी. मग थांबली.

नूता आठवते तुला? पाव भाजणारी, आता ऐंशीची आहे. ती काठी टेकत माझ्यापर्यंत आली. "माझी मेरी कुठं आहे?" तिने विचारलं.

"हीच ती, आजी. नवी केली."

"ही रंगाऱ्याची बायको. माझी पाच मुलं गेली ती मी तिला सांगितली होती, तिला. हिला काय सांगू? ही तर शेंगांच्या भावावरून माझ्याशी भांडते." आणि ती वेदीकडे पाठ करून निघून गेली.

पुढचे आठ दिवस वाईट गेले. नदीवर बायका मेनिकाला वाकून नमस्कार करायच्या. गुत्त्यात बाल्दोला मेरीचा नवरा ठरवून विचारायचे, काय रे योसेफ, मूल तुझंच ना? तो कुणाशी तरी हातघाईवर आला, दात पडून घरी परतला. तिने रविवारी चर्चमध्ये येणं बंद केलं. स्वतःच्याच तोंडासमोर गुडघे कसे टेकू, म्हणाली.

मी निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. तिला पुन्हा दिवस गेलेत, तेव्हा मला कळलं.

"म्हातारबा, मला त्यातून थोडी कमी करा," ती म्हणाली. "नाक सरळ करा. डोळे मोठे करा. डोक्यावरचं कापड ओढा पुढे. मी आहे हे कळू नये एवढंच."

मी पाद्रीबुवांना विचारलं. ते खरोखर दुःखी झाले. "थोडे दिवस जाऊ द्या," म्हणाले. "लोकांना सवय होईल. सत्याची सवय व्हायला वेळ लागतो." मी शिडीवर चढलो, ताई, हातात कुंचला घेऊन. आणि माझ्याने झालं नाही. ते माझं सगळ्यात चांगलं काम आहे. साठाव्या वर्षी एकदा काहीतरी धड झालंय. मी खाली उतरलो आणि तिला सांगितलं, लोकांना सवय होईल.

ती म्हणाली, "बरं."

तुझा
नोफ्री


सांत अगाता मठ, ११ नोव्हेंबर

नोफ्री,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला, कारण आधी लिहिलेली दोन उत्तरं थोरल्या बाईंनी बाहेर जाऊ दिली नाहीत. भाषा मठाला शोभणारी नाही म्हणाल्या.

म्हणून सौम्य शब्दांत लिहिते. माणसाचा चेहरा ही सगळ्यात पवित्र जागा, असं तुम्ही म्हणता. मग त्या चेहऱ्याच्या मालकिणीने तोंड उघडून काही मागितलं, तेव्हा ते ऐकायला त्या चर्चमध्ये एकही माणूस नव्हता का? बाबांच्या मेरीला तू खरवडलंस, ती लाकडाची होती. ही बोलत होती.

तुझं सगळ्यात चांगलं काम, हे मला कळतं. कळत नाही असं समजू नकोस. गेल्या महिन्यात पुस्तकविक्याने निरोप धाडला की यापुढे पानं प्रिमावेराच्या हातची हवीत. मी आता तिच्यासाठी ओळी आखते. पट्टी, सुई, पट्टी, सुई. दिवस जातो. सगळं चांगलं काम कुणी ना कुणी पुसतं, नोफ्री. निदान तुझं तू तरी योग्य कारणासाठी पूस.

रंगांची पेटी घे आणि सेल्लाला जा. पाद्रीबुवांना विचारू नकोस. तिने सांगितलं तसं नाक सरळ कर.

ताद्देआ


फ्लॉरेन्स, १६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी तापाने पडलो होतो. उठलो, पुन्हा पडलो. नाताळ अंथरुणात गेला. ही सबब नाही. ताप नसता तरी मी लगेच निघालो असतो असं मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

जानेवारीच्या शेवटी पेटी घेऊन निघालो. एम्पोलीपासून पुढे चिखल, खेचर दर शंभर पावलांवर थांबायचं आणि मीही त्याला काही म्हणत नव्हतो. सेल्लाच्या वेशीवर नूता भेटली, मोळीवर बसलेली.

"उशीर केलात," ती म्हणाली.

मला वाटलं, दुपारच्या प्रार्थनेला उशीर झाला.

मेनिका नाताळच्या दुसऱ्या दिवशी गेली. बाळंतपणात. मूल आडवं होतं. तेही गेलं.

मी चर्चमध्ये गेलो, कारण दुसरं कुठे जायचं ते कळेना. थंडी होती, तोंडातून वाफ निघत होती. वेदीपाशी बाल्दो बसला होता, कोपरापर्यंत हात निळे, कामावरून तसाच आलेला. त्याच्याजवळ तीन मुलं. मोठा सात-आठ वर्षांचा, मधली मुलगी, आणि ती कडेवरची, आता चालायला लागलेली. मोठा पोरगा भाकरी खात होता. घरात बसावं तशी ती बसली होती.

बाल्दोने माझ्या हातातली पेटी पाहिली. तो उठला. मला वाटलं, हा मारणार, आणि मला त्याचं वाईट वाटलं नसतं.

"तिने सांगितलं होतं," मी म्हटलं. "चेहरा बदला म्हणून. ते करायला आलोय."

"ठाऊक आहे. मीच धाडलं होतं तिला तुमच्याकडे." तो पुन्हा खाली बसला. मग म्हणाला, "नका करू."

"तिची इच्छा होती, बाल्दो."

"ती होती तेव्हाची गोष्ट." त्याने धाकटीकडे बघितलं. "ही दीड वर्षाची आहे. हिला काय आठवणार? मलाच आत्ता, परवाचीच गोष्ट, लोकर पिळताना तिचं तोंड आठवायला गेलो तर नीट येईना. एक नाक येतं, एक आवाज येतो. मग इथं येऊन बसतो. इथं सगळी आहे ती. तो खांदा बघा, पोर घेताना असाच पडायचा तिचा."

मधली मुलगी आमच्याकडे लक्ष न देता चित्राला काहीतरी सांगत होती. दादाने तिची लाकडी बाहुली पाण्यात टाकली, अशी तक्रार होती.

नंतर पाद्रीबुवा आले. ते फार वाळले आहेत. माझ्याशेजारी उभे राहिले, पुस्तकातलं काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "मी तिला हो म्हणायला हवं होतं." मी म्हटलं, मीही. नूता येते म्हणे आता, रोज येते. मेणबत्ती लावते. मी तिला विचारलं, आजी, कुणाला लावता? तिने मला मूर्ख ठरवणाऱ्या नजरेने पाहिलं. "पोरीला मूल गेल्याचं दुःख कळतं की आता," म्हणाली.

मी पेटी न उघडता परत आलो. बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. तिने जे मागितलं ते तिला दोनदा नाकारलं गेलं, आणि दुसऱ्यांदा तिला विचारायची सोयही नव्हती. उस्तादांच्या वेळी एवढं तरी होतं, मेरी कुणाच्या मालकीची नव्हती. मी फार थकलो आहे, ताई. दुकान बंद करावं म्हणतो.

तुझा
नोफ्री


सांत अगाता मठ, ७ मार्च

नोफ्री,

मी तुला चेहरा पुसायला सांगितलं होतं. तू पुसला नाहीस. याबद्दल मी रागावले आहे की नाही हे ठरवायला मला दोन आठवडे लागले.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तू दुकानात आलास तेव्हा आमच्या घरात बाई नव्हती, तू कधी विचारलं नाहीस, मीही बोलले नाही. माझी आई माझ्या जन्माच्या वेळीच गेली. मेनिकासारखीच, फक्त मी राहिले. सातेक वर्षांची असताना मी बाबांना विचारलं, आई कशी दिसायची? ते एका फळीवर काम करत होते. मान वर न करता म्हणाले, "मेरीसारखी."

मला केवढा आनंद झाला. त्या दिवसापासून मी बाबांच्या प्रत्येक मेरीकडे आई म्हणून बघायला लागले. बाबांनी आयुष्यात बावीस मेरी रंगवल्या, मी मोजल्या आहेत. सगळ्यांचं नाक तेच, डोळे तेच. मग बारा वर्षांची असताना बाबांनी मला त्यांच्या उस्तादांचं एक चित्र दाखवायला नेलं. तिथेही तीच होती. आणि त्यांच्या उस्तादांच्या उस्तादांच्या चित्रातही. त्यातली कुणीच माझी आई नव्हती. बाबा खोटं बोलले नव्हते. त्यांना तेवढाच एक चेहरा काढता यायचा, आणि ज्यावर प्रेम केलं तो चेहरा काढायची कुणी परवानगीच दिली नव्हती त्यांना.

चौसष्ट वर्षं झाली. मला अजून माहीत नाही तिचं नाक कसं होतं.

म्हणून तुझ्या बाल्दोला मी काही बोलू शकत नाही. मेनिकाशी मात्र तुम्ही वाईट वागलात, ते तसंच राहील. ते मुलांच्या उपयोगी पडलं म्हणून चांगलं झालं असं स्वतःला सांगू नकोस. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेव, आणि म्हातारपणात जेवढ्या पेलतात तेवढ्या पेल. सोनं खरवडल्याची माफीही अजून सापडलेली नाही.

दुकान बंद करायचं ते कर, पण एकदा सेल्लाला जाऊन ये. मुख्य वेदी उंच आहे, मला आठवते. दीड वर्षाच्या मुलीला खालून आईची हनुवटीच दिसत असेल. बाल्दो दिवसभर कामावर असतो, तिला उचलणार कोण? तिथे तीन पायऱ्यांचा एक लाकडी ठोकळा करून ठेव, पक्का, न डुगडुगणारा. पाद्रीबुवांनी विचारलं तर सांग, मठातून हुकूम आहे.

ताद्देआ